पाणी जिथं, थांबा तिथं

१८५० साल नुकतंच उजाडलं होतं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला असलेल्या सॅन फ्रान्सिस्को नावाच्या रँचवर फाटक्या कपड्यांतले दोन तरुण वाळवंट तुडवत येऊन पोचले. एक विल्यम मॅनली, दुसरा जॉन रॉजर्स. त्यांच्या मागं, सुमारे अडीचशे मैलांवर, बेनेट आणि आर्कन ही दोन कुटुंबं डेथ व्हॅलीतल्या एका झऱ्याकाठी अडकून पडली होती आणि त्यांच्यात चार लहान मुलं होती. रँचवरच्या बाईला इंग्रजी येत नव्हतं, या दोघांना स्पॅनिश येत नव्हतं. तरी खाणाखुणांनी तिला सगळं कळलं. तिनं चार संत्री आणून त्यांच्या हातात दिली आणि बोटांनी दाखवलं: चार मुलांना चार.

मॅनलीनं म्हातारपणी, १८९४ मध्ये, ‘डेथ व्हॅली इन फॉर्टीनाइन’ हे आत्मकथन छापलं, त्यात हे सगळं आहे. मदत घेऊन परत पोचायला या दोघांना २६ दिवस लागले. रँचवरून आणलेले घोडे डोंगर ओलांडताना मागं सोडावे लागले, बरोबर उरलं ते एका डोळ्याचं एक खेचर. कुटुंबांनी गाड्या तिथंच टाकल्या. मुलांना एवढं चालणं शक्य नव्हतं. मग दोन मजबूत शर्ट शिवून त्यांच्या झोळ्या केल्या आणि क्रंप नावाच्या गरीब स्वभावाच्या बैलाच्या दोन्ही अंगांना त्या सोडल्या. धाकटी दोन मुलं झोळ्यांत, थोरली दोन वर, धरायला पट्टा. अशी ती चारही मुलं वाळवंटातून जिवंत बाहेर आली.

आम्ही रिव्हरसाइडला राहतो. माझ्या दोन मुलांना घेऊन मोहावीच्या वाळवंटातून जाताना हीच गोष्ट मी सगळ्यात आधी सांगितली. ‘अजून किती वेळ?’ हे मागच्या सीटवरून आलं की त्यांना क्रंप आठवतो. पण मला या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. ती कुटुंबं सव्वीस दिवस एका जागी टिकली, कारण त्या जागी झरा होता. मोहावीत माणूस कुठंही थांबू शकत नाही. थांबायच्या जागा पाण्यानं ठरवून ठेवल्या आहेत आणि पुढं पावणेदोनशे वर्षांत बैलगाडी गेली, आगगाडी आली, मोटार आली, तरी बहुतेक प्रत्येकानं आपले थांबे याच हिशेबानं मांडले.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसवलं सासूबाईंनी. त्या म्हसवडच्या. माण तालुक्यात जन्म आणि तिथंच संसार, त्यामुळं कुठल्याही नव्या गावात शिरलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. व्हेगसच्या वाटेवरच्या बेकरला आम्ही पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्या खाली उतरल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, “गाव वसलंय म्हणजे पाणी असणार. कुठाय?” मुलं तोवर तिथल्या प्रचंड थर्मामीटरखाली धावत सुटली होती. तो थर्मामीटर १९९१ मध्ये उभारला, उंची १३४ फूट. १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस, तापमान नोंदवलं गेलं, म्हणून तेवढे फूट. मुलांचं ते आकर्षण मला समजतं. पण सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या थर्मामीटरपाशी नव्हतं. ते शोधायला मी पुस्तकं उघडली आणि मग दर फेरीला एखादा जुना थांबा शोधत गेले.

उत्तर असं. बेकरच्या दक्षिणेला काही मैलांवर सोडा स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत, कोरड्या सोडा तलावाच्या काठाला. कोलोराडो नदीकाठचे मोहावी लोक पूर्वापार या झऱ्यांवरून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत व्यापाराला जात. समुद्रातले शंख-शिंपले नदीकडं येत. मोहावी धावपटूंची ख्याती अशी की दिवसाकाठी शंभरेक मैल ते कापत. त्यांची वाट नकाशावर पाहिली तर सरळ नाही. पाय्यूट स्प्रिंग, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, सोडा स्प्रिंग्ज असे झरे जोडत जोडत ती जाते, आणि एका झऱ्यावरून दुसऱ्यावर पोचायला साधारण एका दिवसाची चाल. चेमेहुएवी लोकांची वस्तीही अशाच झऱ्यांच्या आसऱ्यानं असे. त्यांची पोरं या वाटेवर वाढली. बेनेट-आर्कन मंडळींवर जे ओढवलं ते वाट माहीत नसल्यामुळं. ज्यांना झरे ठाऊक होते त्यांच्यासाठी हे घरचं अंगण होतं.

१७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री मोहावी वाटाड्यांना बरोबर घेऊन याच वाटेनं गेला. १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ गेला. त्यालाही वाट दाखवली ती स्थानिकांनीच. दोघांनाही जी मोहावी नदी लागली ती बहुतेक लांबीभर वाळूखालून वाहते आणि आफ्टन कॅन्यनसारख्या थोड्याच ठिकाणी वर येते. जमिनीखाली खडक आडवा आला की पाण्याला वर येण्यावाचून गत्यंतर नसतं. माणदेशात नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१८५१ मध्ये सॉल्ट लेकहून निघालेला मॉर्मन कुटुंबांचा तांडा या वाळवंटातून सॅन बर्नार्डिनोला गेला. सुमारे दीडशे गाड्या आणि चारशेहून जास्त माणसं, त्यांत मुलाबाळांचा मोठा भरणा. इतकी माणसं आणि जनावरं एका झऱ्यावर एकाच दिवशी पोचली तर झरा पुरत नाही. म्हणून तांड्याचे गट पाडून ते अंतर ठेवून चालवले जात, मागच्यांना पाणी पुन्हा साचलेलं मिळावं म्हणून. मुलं घेऊन वाळवंट पार करण्याचं शास्त्र हे असं तयार झालं. नंतर लष्करानं याच झऱ्यांवर छोट्या चौक्या बसवल्या. कँप केडी, मार्ल स्प्रिंग्ज, रॉक स्प्रिंग, फोर्ट पाय्यूट. आता तिथं दगडी भिंतींचे अवशेष आहेत. चांगली गाडी आणि पुरेसा वेळ असेल तर पाय्यूटपर्यंत जरूर जावं. रखरखीत डोंगराच्या घडीत वाहतं पाणी पाहून माझी थोरली गप्प झाली होती. एरवी तिला गप्प करणं कुणाला जमत नाही.

आगगाडीनं या नकाशात मोठा बदल केला. १८८३ मध्ये कोलोराडो नदीवर, नीडल्सपाशी, पूर्व आणि पश्चिमेकडचे रूळ जोडले गेले. वाफेच्या इंजिनाला माणसापेक्षा आणि बैलापेक्षाही जास्त तहान. ठरावीक मैलांवर टाकी हवीच, मग तिथं झरा असो वा नसो. रेल्वेनं स्थानकं मांडली आणि त्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं नावं दिली. अँबॉय, केडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स ही आजही नकाशावर सापडतात. अँबॉयला विहिरीचं पाणी खारट, कारण शेजारी मिठाचा कोरडा तलाव. तिथं पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाकीवाघिणींतून यायचं. टँकरच्या पाण्यावर जगणारं गाव म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको.

या रेल्वेगावांत मुलंही होती. गॉफ्सला १९१४ मध्ये शाळा बांधली गेली, रेल्वे कामगारांच्या आणि आसपास जमिनी धरून राहिलेल्यांच्या मुलांसाठी. १९३७ मध्ये ती बंद पडली. पुढं डेनिस केसबियर या माणसानं सहकाऱ्यांसह ती इमारत दुरुस्त केली, म्हाताऱ्या झालेल्या विद्यार्थ्यांच्या आणि रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, जुनी मोहावी वाट पुन्हा माणसांच्या पायाखाली आणली. वाळवंटाचा इतिहास म्हणजे खाणी आणि पिस्तुलं एवढंच अनेकांना वाटतं. गॉफ्सची ती एकखणी शाळा पाहिली की ते मत टिकत नाही.

प्रवाशांच्या जेवणाचा प्रश्न फ्रेड हार्वी या लंडनमध्ये जन्मलेल्या माणसानं सोडवला. त्याच्या आधी रेल्वेच्या थांब्यावर शिळं मांस आणि कडवट कॉफी मिळायची. हार्वीनं १८७६ पासून रेल्वेमार्गावर उपाहारगृहं काढली. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, वेळेवर गरम जेवण आणि नेटक्या पोशाखातल्या वाढपी तरुणी. बार्स्टोचं कासा देल देसिएर्तो १९११ चं, नीडल्सचं एल गार्सेस १९०८ चं. कमानी, ओसऱ्या, जाड भिंती. बार्स्टोच्या त्या इमारतीत आता रेल्वेचं आणि रूट ६६ चं अशी दोन छोटी संग्रहालयं आहेत. महामार्गावरून दोन मिनिटांत तिथं पोचता येतं, तरी आपली बहुतेक मंडळी आउटलेट मॉलला वळतात. मुलांना खरी इंजिनं दाखवायची सोडून बुटांची दुकानं दाखवणं मला पटत नाही, आणि हे मी ओळखीच्यांना तोंडावर सांगते.

मग आली मोटार. १९२६ मध्ये शिकागोपासून लॉस एंजेलिसकडं येणारा रूट ६६ ठरला, आणि मोहावीत तो रेल्वेचाच हात धरून चालला, त्याच गावांवरून. कारण पुन्हा तेच. टाक्या आणि विहिरी तिथंच होत्या. चढावर रेडिएटर उकळायचा, म्हणून लोक रात्री वाळवंट पार करत. गाडीच्या पुढच्या भागाला जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असे. पाणी हळूहळू पाझरतं, वाऱ्यानं वाळतं, आत गार राहतं. आपल्याकडं ट्रकच्या आणि जीपच्या बाजूला लोंबणारी छागल ती हीच. सासूबाईंनी बार्स्टोच्या संग्रहालयात जुना फोटो पाहून ती लगेच ओळखली.

पाण्याला त्या रस्त्यावर किंमत होती आणि काही ठिकाणी ती खरोखर पैशात मोजून घेतली जाई. म्हणून एसेक्सची विहीर लोकांच्या लक्षात राहिली. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ऑटोमोबाइल क्लबनं ती बांधून दिली आणि तिथं पाणी फुकट मिळे. आता ती कोरडी आहे, छपराखाली नुसतं बांधकाम उरलंय. सासूबाईंनी तिला पाणपोई म्हटलं आणि तिथं उभं राहून नमस्कार केला. मलाही तो थांबा हार्वीच्या शुभ्र टेबलक्लॉथपेक्षा मोठा वाटतो.

पण हे थांबे सगळ्यांना सारखे उघडे नव्हते. मुलांना हेही सांगावं लागतं, आणि मी सांगते. तीसच्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीनं उद्ध्वस्त झालेली ओक्लाहोमा-टेक्सासकडची शेतकरी कुटुंबं याच रस्त्यानं आली, खटारा गाडीवर गाद्या, भांडी आणि पोरं लादून. स्टाइनबेकच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीतलं कुटुंब हे वाळवंट रात्री पार करतं. आजी वाटेत मरते आणि आई ते रात्रभर मनात ठेवते, कारण थांबलो तर पोरांचं काय होईल ही धास्ती. ही कादंबरी आहे, पण तिच्यामागचं वास्तव तितकंच कठोर होतं. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसचा पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यानं आपल्या शहराचे शंभराहून जास्त पोलीस राज्याच्या सीमेवर पाठवले. खिशात पैसे नसलेल्यांना तिथूनच मागं हाकलायचं. वाळवंटाच्या तोंडाशी आलेल्या आईबापांना मुलांसकट परत फिरवलं गेलं.

त्याच १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधला टपालवाटप करणारा व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यानं एक मार्गदर्शिका छापायला सुरुवात केली. काळ्या प्रवाशांना कुठं खोली मिळेल, कुठं जेवण, कुठं पेट्रोल, याची यादी. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती ओळखली जाते, आणि साठच्या दशकापर्यंत ती निघत राहिली. रूट ६६ वरच्या कितीतरी गावांत काळ्या माणसाला मुक्काम मिळत नसे. अशा वेळी कुटुंबं डबे, पाणी, उशा आणि मुलांसाठी शू करायचा डबासुद्धा गाडीत घेऊन निघत आणि न थांबता चालवत. थांबा नाकारणं म्हणजे वाळवंटात काय असतं, हे लहान मूल बरोबर असलेल्या आईला विचारावं.

आपल्या लोकांचा या रस्त्याशी संबंध सत्तरच्या दशकापासून घट्ट झाला. महामार्ग बाजूनं गेल्यामुळं ओस पडत चाललेली जुनी मोटेलं गुजराती कुटुंबांनी घेतली. पुढं काऊंटर, मागच्या दोन खोल्यांत संसार, शाळेतून आलेली मुलं चादरींच्या घड्या घालणार, टॉवेल मोजणार. त्या काळात काही स्पर्धक आपल्या दारावर ‘मालक अमेरिकन’ अशा पाट्या लावत. तरी ही कुटुंबं टिकली. रूट ६६ वरची अनेक जुनी मोटेलं आज सुरू आहेत ती या मुलांच्या आईबापांमुळं. बार्स्टोच्या एका मोटेलात रात्री उशिरा आमच्या धाकट्याला ताप चढला होता तेव्हा काऊंटरवरच्या बाईंनी न मागता मऊ खिचडी करून दिली. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

अँबॉयची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांनाच सांगायला आवडते. १९३८ मध्ये रॉय क्राउलनं तिथं पेट्रोल पंप आणि गॅरेज काढलं, जावई बस्टर बरिसनं ते वाढवलं, मोटेल आणि कॅफे आले, १९५९ मध्ये तो प्रचंड बाणाचा फलक उभा राहिला. १९७३ मध्ये आय-४० हा महामार्ग उत्तरेकडून सुरू झाला आणि अँबॉयची गिऱ्हाइकं बघता बघता आटली. २००५ मध्ये सॅन बर्नार्डिनोकडचे उपाहारगृहांचे मालक आल्बर्ट ओकुरा यांनी अख्खं गाव विकत घेतलं आणि पंप पुन्हा सुरू केला. ओकुरा २०२३ मध्ये वारले. फलक उभा आहे. पण मुलांना मी फलकापेक्षा जवळच्या अँबॉय क्रेटरवर नेते. काळ्या लाव्ह्यातून चालत गेलं की सुमारे अडीचशे फूट उंचीच्या ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचता येतं, तेही फक्त हिवाळ्यात आणि सकाळी.

मोटारीची तहान हळूहळू भागत गेली. रेडिएटर सुधारले. साठचं दशक संपता संपता अमेरिकेत बनलेल्या निम्म्याहून जास्त नव्या गाड्यांत वातानुकूलन आलं. पेट्रोलची टाकी एका दमात वाळवंट पार करू लागली. रेल्वेतही तेच झालं. डिझेल इंजिनाला पाण्याची टाकी लागत नाही. केल्सो हे स्थानक सीमा नावाच्या चढावर जादा इंजिन जोडायला आणि पाणी भरायला होतं. १९२४ ची त्याची देखणी इमारत, आत रेल्वेवाल्यांची खानावळ. १९८५ मध्ये ती बंद झाली आणि पाडायचं ठरलं होतं. स्थानिक लोक आडवे उभे राहिले म्हणून ती वाचली. १९९४ मध्ये मोहावी राष्ट्रीय राखीव क्षेत्र झालं आणि २००५ मध्ये ती इमारत त्याचं माहिती केंद्र बनली.

म्हणजे आज गाडीला वाळवंटात थांबायची गरज उरलेली नाही. इंजिनाला नाही, बैलाला नाही. गरज उरली आहे ती मुलांना. त्यांना शू लागते, भूक लागते, पाय मोकळे करायचे असतात. बेकरचा थर्मामीटर असो की बार्स्टोजवळचं कॅलिको, हे थांबे मुलांच्या जिवावर चालतात. कॅलिको म्हणजे १८८१ मध्ये वसलेलं चांदीच्या खाणींचं गाव. चांदीचा भाव पडला तसं ते १८९० च्या दशकात ओसरलं. १९५१ मध्ये वॉल्टर नॉटनं ते विकत घेऊन डागडुजी केली आणि १९६६ मध्ये सॅन बर्नार्डिनो परगण्याला देऊन टाकलं. त्यात नवं बांधकाम बरंच आहे, ते मुलांना खरं सांगावं. डॉर्सी नावाचा कुत्रा तिथं पाठीवर पिशव्या बांधून शेजारच्या खाणीच्या वस्तीवर टपाल नेत असे, हेही सांगावं. धाकट्याला कॅलिकोतलं एवढंच आठवतं, आणि मला तेवढं पुरतं.

सोडा स्प्रिंग्ज आता झायझिक्स या नावानं ओळखलं जातं. १९४४ मध्ये कर्टिस स्प्रिंगर नावाच्या रेडिओ-प्रचारकानं सरकारी जमिनीवर आरोग्यधाम थाटलं, भोंदू औषधं विकली, आणि १९७४ मध्ये सरकारनं त्याला हुसकावलं. आता तिथं विद्यापीठाचं वाळवंट अभ्यासकेंद्र आहे आणि एका छोट्या तळ्यात मोहावी तुई चब ही दुर्मीळ मासळी जपली आहे. वाळवंटात मासा पाहायला मिळतो, याहून चांगला थांबा मुलांसाठी मला माहीत नाही.

व्हेगसला निघणार असाल तर माझं ऐका. सकाळी दोन तास आधी निघा आणि बार्स्टोहून आय-४० धरून अँबॉय, केल्सो करत बेकरला या. पुरानं जुन्या रस्त्याचे लाकडी पूल वाहून गेलेले आहेत, तेव्हा कुठला भाग उघडा आहे ते आधी पाहा. राखीव क्षेत्रात पेट्रोल मिळत नाही, टाकी भरून घ्या. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी बरोबर ठेवा, उन्हाळ्यात तर त्याहून जास्त. आणि कुठल्याही थांब्यावरून निघताना मुलांना गाडीखाली वाकून बघायला लावा. वाळवंटी कासव सावलीला तिथं येऊन बसतं, १९९० पासून ते संरक्षित आहे, त्याला हात लावायची परवानगी नाही. ते आपणहून चालत बाहेर पडेपर्यंत गाडी सुरू करू नका.